डायबेटिस असलेल्या मुलाची आई शाळेच्या गेटवर का बसते?

टाईप वन डायबेटिस झालेलं मूल शाळेत जायला लागलं की आपल्याकडे बहुतेक गावांत त्याच्यासाठी एकच व्यवस्था असते, ती म्हणजे त्याची आई. दुपारच्या सुट्टीत इन्सुलिन टोचायचं पेन घेऊन तीच येते. खेळाच्या तासाला गेटवर तीच बसून राहते. सहल निघाली तर एक तर ती सोबत जाते, नाही तर मूल घरी राहतं. जिची रोजची खुरपणी बुडाली तर हजेरी बुडते, त्या बाईला हे रोज जमत नाही. मग दुपारचं इन्सुलिन चुकतं, किंवा "एवढं वर्ष राहू द्या घरीच" असं ठरतं.

मी परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझं म्हणणं असं आहे की मूल शाळेत असतं त्या पाच-सहा तासांत त्याच्या साखरेकडे बघणं ही शाळेची जबाबदारी आहे. ती लेखी ठरलेली असली पाहिजे आणि ती ठरवायला पालक, वर्गशिक्षक, मुख्याध्यापक यांनी जूनमध्ये एकदा तरी समोरासमोर बसलं पाहिजे. आज जिथे हे नीट चाललंय तिथे ते एखाद्या बाईंच्या नाहीतर सरांच्या चांगुलपणामुळे चाललंय. आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते. चांगुलपणा त्याच्यासोबत दुसऱ्या तालुक्यात जातो, मूल मात्र त्याच वर्गात राहतं.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण गैरसमज इथूनच सुरू होतात. टाईप वनमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्यामुळे हा होत नाही, आईबापाच्या लाडामुळे होत नाही, आणि मूल मोठं झाल्यावर गोळ्यांवर येत नाही. बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागतं, रोज, बहुतेक मुलांना दिवसातून तीन-चार वेळा, आयुष्यभर. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालची अशी सुमारे २ लाख २९ हजार मुलं आहेत, जगात सर्वांत जास्त. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत असं मूल सापडणार नाही, पण केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, एखाददुसरं असू शकतं. त्याच्या शाळेला त्याच्याबद्दल काही ठाऊक आहे का, एवढाच प्रश्न आहे.

बऱ्याचदा ठाऊक नसतं, कारण घरच्यांनी सांगितलेलंच नसतं. मुलगी असेल तर जवळपास नक्कीच नाही. "उद्या सोयरीक जमवायची आहे सर, गावात बोभाटा नको," हे वाक्य मी एका बापाच्या तोंडून ऐकलंय आणि त्याला दोष द्यायला माझी जीभ वळली नाही. आपल्या भागात पोरीच्या आजारपणाची बातमी पोरीच्या आधी पाहुण्यांच्या गावाला पोचते. तरीही पालकांना सांगणं भाग आहे की लपवण्याची किंमत फार मोठी आहे. मूल सगळ्यांसमोर पेन काढायला लाजतं, म्हणून डोस टाळतं. साखर कमी झाली तरी वर्गात खात नाही, कारण मग विचारतील. ज्या आजाराबद्दल वर्गाला माहिती आहे, त्यावरून कुणी चिडवायला लागलं तर शिक्षक थांबवू शकतो. जे लपवलंय ते उघडं पडण्याची भीती पोरगी दहावीपर्यंत एकटीच वागवते.

सांगितल्याने काय फरक पडतो, ते एका तासात दिसलं. सहावीचा वर्ग, दुपारच्या सुट्टीच्या आधीचा गणिताचा तास. त्याआधी पोरं कबड्डी खेळून आली होती. एका मुलीच्या वहीत अपूर्णांकांच्या बेरजा ओळीवरून खाली घसरत गेलेल्या. विचारलं तर फटकन म्हणाली, "मला नाही येत, जावा." एरवी ही पोरगी वर मान करून बोलत नाही. तिची बाकावरची मैत्रीण म्हणाली, "सर, तिची शुगर कमी व्हायली. हात बघा, गार पडलेत." कपाळावर घाम होता. दप्तरातल्या पाऊचमधून मैत्रिणीनेच ग्लुकोमीटर काढून दिला. बोट टोचून पाहिलं तर ५८. त्याच पाऊचमध्ये ग्लुकोज पावडरीची पुडी आणि प्लास्टिकचा चमचा होता. तीन चमचे पाण्यात कालवून पाजलं, बसवून ठेवलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं तर ९२. मग तिने अर्धी भाकरी खाल्ली आणि त्याच बेरजा तिने स्वतःहून पुन्हा मांडल्या, यावेळी सरळ ओळीत, बरोबर.

हे इतकं सुरळीत झालं, कारण जूनमध्ये तिची आई शाळेत येऊन वर्गासमोर उभी राहिली होती, आणि साखर कमी झाली की लेक कशी चिडते, कशी घामेजते हे तिने पोरांना सांगितलं होतं. हे ठाऊक नसलेला शिक्षक काय करेल? उलट बोलली म्हणून वर्गाबाहेर उभी करेल, एप्रिल असेल तर उन्हात. साखर ७० च्या खाली गेली की मेंदूला पुरेसं इंधन मिळत नाही. मूल हट्टी, गोंधळलेलं, झोपाळू, कधी भांडखोर दिसतं. आणखी खाली गेली तर झटके येतात, शुद्ध हरपते. आपण ज्याला उर्मटपणा म्हणतो तो त्या वेळी आजाराचं लक्षण असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. अशा मुलाच्या बाबतीत ती मनाई थेट जिवाशी जोडलेली आहे.

शाळेत ठेवायचा कागद फार मोठा नको. मुलाचं नाव, फोटो, आईबापाचे फोन आणि डॉक्टरांचा फोन. साखर किती खाली गेली तर काय द्यायचं, किती द्यायचं, किती वेळाने पुन्हा तपासायचं. प्रमाण मुलाच्या वजनावर ठरतं, म्हणून ते डॉक्टरांच्या सहीने लिहिलेलं असावं. दुपारचं इन्सुलिन कोण देणार, की मूल स्वतः घेणार आणि कोण बघणार. खेळाआधी काय खायचं. साखर खूप वाढून उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं. एक प्रत वर्गशिक्षकाकडे, एक मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली, एक स्वयंपाकघरात. आणि किमान दोन शिक्षकांना ग्लुकोमीटर हाताळता आला पाहिजे, कारण एक जण रजेवर असतो, नाहीतर निवडणुकीच्या कामावर.

स्वयंपाकघर मुद्दाम म्हटलं. अशा मुलाला पोषण आहारातून वगळायचं आणि "तू तुझा डबा खा" म्हणून बाजूला बसवायचं, असा काही शाळांचा शहाणपणा असतो. त्याची गरज नाही. उलट पोषण आहाराचं धान्य ठरलेलं आहे: प्राथमिकच्या मुलाला १०० ग्रॅम, उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम. रोजची खिचडी एकाच वाटीने मोजून वाढली तर पोटात किती भात गेला याचा अंदाज घरच्या जेवणापेक्षा सोपा होतो आणि त्या मानाने इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना ठरवून देता येतो. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना एवढंच सांगायचं की याची वाटी ठरलेली आहे आणि इन्सुलिन घेतल्यावर याला ताटकळत ठेवायचं नाही. इन्सुलिन टोचून झालंय आणि खिचडी अजून चुलीवर आहे, यासारखी धोक्याची वेळ दुसरी नाही.

शिक्षकांची भीती मी जाणतो. "काही झालं तर जबाबदार कोण?" हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये प्रत्येक नव्या गोष्टीला विचारला जातो, आणि तो उगाच नाही. पोराला काही झालं तर गाव आधी शाळेवर येतं. पण धोका दोन्हीकडून तोलून बघा. साखर कमी असल्याचा संशय आला, मीटर हाताशी नाही आणि तुम्ही ग्लुकोज पाजलं. साखर खरं तर जास्तच होती असं निघालं, तर ती तासाभरासाठी आणखी थोडी वाढेल. इन्सुलिनने खाली आणता येते. साखर खरंच कमी होती आणि तुम्ही आईची वाट बघत बसलात, तर मूल तुमच्या डोळ्यांदेखत बेशुद्ध पडू शकतं. न देण्याची चूक देण्याच्या चुकीपेक्षा फार महाग आहे. मूल बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर निजवायचं आणि १०८ ला फोन करायचा. इतकं प्रत्येक शिक्षकाला शिकता येतं. इन्सुलिनचे डोस ठरवा असं कुणी आम्हाला सांगत नाही आणि सांगूही नये.

चॉकलेटबद्दल एक सांगून ठेवतो, कारण दयाळूपणाने सगळे तेच पुढे करतात. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात हळू पोचते. अशा वेळी साध्या साखरेचं पाणी किंवा ग्लुकोज लागतं. बिस्किटं, भाकरी त्यानंतर.

मराठवाड्याचा म्हणून वेगळा प्रश्न आहे तो उन्हाचा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. वापरातली बाटली किंवा पेन २५-३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे चालतं. आपल्याकडे मार्चअखेर पारा चाळिशीकडे झुकतो, पत्र्याच्या वर्गखोल्या तापतात आणि बहुतेक शाळांत फ्रिज नाही. असला तरी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. उन्हाने खराब झालेलं इन्सुलिन दिसायला अगदी नेहमीसारखं असू शकतं. मूल डोस घेतं आणि तरी साखर वाढत राहते. यावर आपल्याच घरातला उपाय आहे: दोन मातीची भांडी एकात एक, मधल्या जागेत ओली वाळू आणि आत घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन. बाहेरच्या हवेपेक्षा आतलं तापमान बरंच खाली राहतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत सावलीला असा एक माठ ठेवायला कुठला निधी लागत नाही, वाळू रोज ओली करणारं एक माणूस लागतं. बाटली बर्फाला टेकवून ठेवायची नाही, गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं.

उन्हासोबत सकाळची शाळा येते. सातला शाळा म्हणजे मूल साडेपाचला उठणार, नाष्टा आणि इन्सुलिन दोन्ही अलीकडे सरकणार. शाळेची वेळ बदलल्याचं पत्रक निघतं तेव्हा या मुलाच्या घरी चार दिवस आधी कळवावं. डॉक्टरांशी बोलून वेळा बसवायला तेवढे दिवस लागतात. १५ ऑगस्टला, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाला, २६ जानेवारीला प्रभातफेरी असते, तेव्हाही हेच. पोरं पहाटे काही न खाता येतात आणि भाषणं संपेपर्यंत मैदानात उभी राहतात. या मुलाने खाऊनच यावं आणि पाऊच त्याच्या हाताशी असावं.

आता पाणी आणि मुतारी. साखर वाढली की तहान लागते, लघवी पुन्हा पुन्हा लागते. "आत्ताच तर जाऊन आलास ना" म्हणून अशा मुलाला बसवून ठेवणं क्रूरपणा आहे. मुलींच्या मुताऱ्यांना कुलूप लावून किल्ली ऑफिसात ठेवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तिथे या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. याची दुसरी बाजू शिक्षकांच्या कामाची आहे. निदान झालेलं नसताना हीच लक्षणं सगळ्यांत आधी शाळेत दिसतात. चांगलं खेळणारं पोर महिन्याभरात वाळतं, सारखं पाणी पितं, सारखं बाहेर जायला विचारतं, तासाला पेंगतं. असं दिसलं तर घरी सांगा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाची तपासणी करायला लावा. आरबीएसकेचं, म्हणजे सरकारी बाल आरोग्य तपासणीचं, पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, त्याच्यासाठी थांबू नका. हे मूल काही दिवसांत अत्यवस्थ होऊ शकतं. नजर लागली म्हणून अंगारा लावण्यात आणि देवऋष्याकडे नेण्यात जे दिवस जातात, त्यात मुलं दगावतात. इन्सुलिन बंद करून काढ्याने बरं करतो म्हणणाऱ्यांचीही आपल्याकडे कमी नाही. अशा वेळी गावात ज्याचा शब्द चालतो असा माणूस अजूनही शाळेचा गुरुजी आहे. त्याने तो शब्द वापरावा.

परीक्षेचं काय? सीबीएसईने २०१७ मध्येच डायबेटिस असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ, पाणी नेण्याची मुभा दिली. जेईई मेनच्या सूचनांतही तशी तरतूद असते, हे लातूरला शिकवण्यांसाठी पोरं ठेवणाऱ्या पालकांनी वाचून ठेवावं. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिलं की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळी खाऊ द्या, परीक्षेतही. उत्तर प्रदेशाने त्यावरून आपल्या शाळांना सूचना काढल्या. आपल्याकडे दहावीच्या केंद्रावर कॉपीमुक्त अभियानाची झडती असते आणि ती असावीच, मराठवाड्याने त्या बदनामीची किंमत भरपूर मोजली आहे. पण दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावलेलं किंवा खिशात इन्सुलिनचं पेन असलेलं मूल झडतीच्या रांगेत घाबरून जातं आणि घाबरण्यानेही साखर हलते. केंद्रसंचालकांना आठवडाभर आधी डॉक्टरांच्या दाखल्यासह लेखी कळवून पर्यवेक्षकापर्यंत ते पोचलंय याची खात्री शाळेने करायला हवी. पेपरच्या सकाळी बापाने गेटवर पोलिसाला समजावत उभं राहायचं नसतं.

सगळ्यांत अवघड गोष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. पोर सोबत गेलं तर फडात ना माठ, ना फ्रिज, ना जेवणाची वेळ. मागे हंगामी वसतिगृहात राहिलं तर तिथल्या माणसाला इन्सुलिन हा शब्दही नवा. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड दिलं जातं, म्हणजे कारखान्याच्या गावातल्या शाळेत त्याला बसता यावं. त्या कार्डालाच हा आरोग्याचा कागद जोडावा, पुढच्या शाळेला पहिल्याच दिवशी कळेल. वसतिगृहासाठी एक तांत्रिक पण जीवघेणी बाब लिहून ठेवतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज वेगळी, केशरी टोपीची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट इकडे किंवा तिकडे होतो. अशा मुलाची वसतिगृहात सोय करायची तर रोज डोस बघणारं एक माणूस आधी शिकवून तयार हवं.

कायद्याकडे बघितलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल त्यात आले, टाईप वन डायबेटिस आला नाही. त्यामुळे प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राला जोडलेल्या सवलती नाहीत. अपंगत्वाचा शिक्का नको म्हणणारे पालकही आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. मूल औषधपाण्यावर इतर कुणाहीसारखं धावू शकतं. पण शाळेतल्या सोयींसाठी वेगळा, स्पष्ट शासन निर्णय लागतो. केरळने या मुलांसाठी 'मिठायी' नावाची सरकारी योजना चालवली आहे. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था टाईप वनच्या मुलांसाठी काम करते आहे. संस्था करतात तिथे मुलं सावरतात, पण किनवट नाहीतर पाटोद्याच्या वाडीवरच्या मुलाला संस्थेचा पत्ता मिळेपर्यंत थांबता येत नाही. साखर तपासण्याच्या एका पट्टीला पंधरा-वीस रुपये पडतात आणि दिवसाला तीन-चार लागतात. सरकारी रुग्णालयात इन्सुलिन मिळालं तरी पट्ट्यांसाठी मजुराच्या घराने कुठून आणायचं? पट्ट्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळाल्या पाहिजेत आणि त्यातली एक डबी शाळेत राहिली पाहिजे.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी हा आजार झालेली बहुतेक मुलं वर्ष-दोन वर्षंच काढत. इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग यांचा वाढदिवस १४ नोव्हेंबर. तोच जागतिक मधुमेह दिन, आणि तोच आपला बालदिन. दरवर्षी त्या दिवशी शाळेत पोरं भाषणं करतात. त्यातला एक तास वर्गाला हा आजार समजावण्यासाठी देता येईल.

त्याची वाट बघायचीही गरज नाही. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते, सगळ्या शाळांचे शिक्षक तिथे असतात. केंद्रप्रमुखांनी येत्या परिषदेत आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ध्या तासासाठी बोलवावं, सोबत ग्लुकोमीटर आणायला सांगावं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांनी आपल्या शाळेत असं मूल आहे का हे मुख्याध्यापकांना विचारावं, नाव गावभर न करता. आणि ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी डॉक्टरांच्या सहीचा कागद घेऊन वर्गशिक्षकाकडे यावं. येताना मुलालाही आणावं, कारण आपली साखर कमी व्हायला लागली की आपल्याला नेमकं कसं वाटतं, ते त्याच्याइतकं नीट कुणालाच सांगता येत नाही.